निरोगी तीन

“डबीवर ‘निरोगी’ असं लिहिण्याआधी त्या माणसाकडे एकदा नीट बघत जा, पद्मजा,” इनामदार मॅडम म्हणाल्या.

मी हसले. “मॅडम, हे माझे सासरे आहेत. त्यांना मी कधी शिंकतानासुद्धा पाहिलेलं नाही.”

“मी शिंकेचं विचारलं नाही.”

एवढं बोलून त्या पुन्हा भिंगात डोकावल्या. मी चिकटपट्टीवर ‘निरोगी तीन’ लिहिलं, डबीला लावलं, डबी फ्रीजरमध्ये ठेवली आणि हात धुवायला गेले.

मिरजेतल्या एका संशोधन केंद्रात मी तेव्हा इनामदार मॅडमच्या हाताखाली काम करत होते. माझी मुलगी चंदना चालायला लागली आणि मी पुन्हा नोकरी धरली. नवरा, सन्मती, पुण्याच्या कंपनीत. जमेल तसा शनिवारी यायचा. सासूबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. म्हणजे घरात आम्ही तिघंच: मी, चंदना आणि सासरे, आप्पा.

केंद्रात आमचा विषय होता जिआर्डिया. एकाच पेशीचा जीव, आतड्याच्या भिंतीला चिकटून राहतो. भिंगाखाली बघितलं तर त्याला दोन डोळे असल्यासारखं दिसतं आणि तो आपल्याकडे बघून हसतोय असं वाटतं. माणसाच्या पोटात बसल्या बसल्या तो अंगातून बारीक बारीक पुटिका सोडत असतो. तो कलिंगडाएवढा धरला तर पुटिका मोहरीएवढी. त्या पुटिकांमधून तो आतड्याला काय निरोप देतो, ते आम्ही शोधत होतो. शौचाचा नमुना पाण्यात कालवायचा, अतिसूक्ष्म गाळणीतून गाळायचा. जीव वर अडकतात, पुटिका खाली उतरतात. मग त्यात एक रंग घालायचा. जिआर्डियाच्या पुटिका असतील तर तो हिरवा चमकतो, नसतील तर काळोख. आजारी माणसांचे नमुने हिरवे आणि निरोगी माणसांचे काळे, असं दिसलं म्हणजे काम सरळ चाललंय.

निरोगी माणसं आम्ही ओळखीतलीच धरली होती. मी आप्पांना विचारलं, तेव्हा त्यांना आधी काही सुधरेना.

“कशाची डबी म्हणालीस?”

मी पुन्हा सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.

“आणि ती तू बघणार?”

“मी नाही, आप्पा. यंत्र बघतं.”

“मग हरकत नाही,” ते म्हणाले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून दोरा बांधून पहिली डबी त्यांनी माझ्या पिशवीशेजारी ठेवली. दिली नाही, ठेवली. पुढेही दर खेपेला तसंच.

पण विषयाचं त्यांना कुतूहल होतं. अंगणात चंदनाला मांडीवर घेऊन, द्राक्षं सोलून एकेक तिच्या तोंडात घालता घालता त्यांनी विचारलं होतं, “जंत पुड्या सोडतात म्हणालीस. कशाला?”

“जंत नव्हेत, आप्पा. त्याहून कितीतरी बारीक. आणि कशाला, तेच तर शोधतोय.”

“पण पुडी सापडली म्हणजे तो तिथं हाय, असं?”

“असावा, असा आमचा अंदाज. तो स्वतः दिसला नाही तरी.”

आप्पांनी मान हलवली. “उसाची गाडी तशीच की. फाटकातनं गाडी आत गेलेली असू दे, तू नुसता रस्ता बघ. कांड्या पडलेल्या असत्यात. कांड्या दिसल्या की समजायचं, गाडी गेलीया.”

आप्पांची, म्हणजे आदगोंडा मगदुमांची, सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर झाली होती. गाडी फाटकात वळली की काट्यावर चढायच्या आत ते वजन सांगत, असं गावात अजून बोलतात. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, सवय सुटली नाही. बाजारातून आणलेली पिशवी, दळणाचा डबा, काहीही आधी हातात तोलून बघायचे. चंदना तर रोजची. मी संध्याकाळी घरी आले की माझ्यासमोर तिला उचलायचे. “बघू, आमचा माल किती भरतोय!” ती खिदळायची. मग आप्पा निकाल द्यायचे.

पावसाळा सरला आणि चंदनाचं पोट बिघडलं. आठवडाभर पातळ, वास मारणारं. डॉक्टर आठल्येंनी नमुना तपासायला पाठवला आणि अहवालात नाव आलं ते माझ्या ओळखीचंच: जिआर्डिया. औषध दिलं, बरी झाली. महिना गेला नाही तोच पुन्हा. पुन्हा औषध, पुन्हा बरी. तिसऱ्यांदा मात्र तिच्या बांगड्या मनगटातून गळायला लागल्या, आणि आठल्येंच्या काट्यावर तिला ठेवताना मला काट्याकडे बघवेना.

“औषध लागू पडतंय,” आठल्ये म्हणाले. “जातंय आणि परत येतंय. म्हणजे घरात कुठंतरी त्याचा मुक्काम आहे. सगळ्यांचं तपासा.”

सगळ्यांचं तपासलं. माझं, सन्मतीचं, आप्पांचं, भांडी घासणाऱ्या शेवंताबाईंचं. सगळ्यांचे अहवाल चांगले आले. चंदनाचं पाणी मी उकळून गार करत होते. दूध, बाटली, वाटी, चमचा, खेळणी, सगळं माझ्या हाताखालून जात होतं. कुणी तिच्या गालाला हात लावला तरी मी आधी तो हात बघत होते. शेवंताबाई एकदा म्हणाल्याही, “ताई, एवढं तर पोलीसपण बघत न्हाईत.”

सन्मतीचा फोन आला. तो रागाने बोलत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“घरात कुणाला नाही. पाण्यात नाही. मग राहिलं काय, पद्मा?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“मिरजेत हा जीव बाटलीत घालून कोण वाढवतंय, तूच सांग.”

“मी मोजे घालते. कोट तिथंच ठेवते. हात—”

“मला माहितीय गं. मी तुला दोष देत नाही. पण त्या नोकरीपायी पोरगी हातची गेली तर?”

फोन ठेवल्यावर मी हात धुतले. तेव्हा मी हातच धुत असायचे. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

त्याच आठवड्यात केंद्रात ते घडलं. म्हणजे घडत होतं आधीपासूनच, त्या दिवशी मॅडमनी ते टेबलावर ठेवलं. निरोगी एक, काळा. निरोगी दोन, काळा. निरोगी तीन, हिरवा. आणि पुसट नव्हे, चांगला ठसठशीत हिरवा.

“मागच्या खेपेला असंच आलं तेव्हा तू काय केलंस?” मॅडमनी विचारलं.

“नमुना खराब झाला म्हणून टाकून दिला. नवीन घेतला.”

“त्याच्या आधी?”

“तेव्हापण.”

“हात बघू.”

मी हात पुढे केले. मॅडम त्या चिरांकडे बघत राहिल्या. त्यांचा आवाज खाली आला. “हे नमुने तूच हाताळतेस. गाळतेस तू, रंग घालतेस तू. आजाऱ्यांच्या नळीतलं निरोग्यांच्या नळीत कुठून तरी जातंय. तुझ्या हातून जात नसेल तर कुणाच्या, ते मला सांग.”

मला ऐकू येत होतं ते वेगळंच. इथल्या नळीत माझ्या हातून जात असेल, तर घरच्या वाटीतही जात असेल.

“उद्या मी स्वतः करते,” मॅडम म्हणाल्या. “नवीन डबी आण त्यांच्याकडून. तू कशाला हात लावू नकोस.”

त्या संध्याकाळी मी फाटकातून आत आले, तर चंदना पायरीवरून दोन्ही हात पसरून माझ्याकडे झेपावली. मी हात पाठीमागे घेऊन मागे सरले. “थांब, सोनू, आई अंघोळ करून येते.” तिला काय कळणार? ती रडायला लागली. आता तिचं रडणंही बारीक झालं होतं, मांजराच्या पिल्लासारखं. आप्पांनी तिला उचललं, खांद्यापर्यंत नेता नेता मध्येच छातीशी टेकवलं.

“उं! जड लागालीय बघ आज. भरली पोरगी!”

माझा तोल गेला. “आप्पा, ती कमी झालीय! मी डोळ्यांनी बघितलंय काट्यावर. प्रत्येक खेपेला कमी होतेय आणि तुम्ही रोज भरली, भरली म्हणताय. कुणाची समजूत घालताय?”

आप्पांचा चेहरा पडला. सुनेनं आवाज चढवायची त्या घरात पद्धत नव्हती.

“मी समजूत कशाला घालू?” ते म्हणाले. “हाताला लागलं ते सांगितलं. तुमच्या डॉक्टरचा काटा बिघडला असंल. जन्मभर काटाच बघितलाय मी.”

ते तिला घेऊन पायरीवर बसले. आपल्या तांब्यातलं पाणी प्यायले. ते पाणी मळ्यातल्या विहिरीचं, दुहेरी फडक्यातून गाळलेलं. फडक्यात राहिलेलं पाणी पुन्हा विहिरीतच सोडायचं, त्यातला जीव मरू द्यायचा नाही, हा त्या घराचा जुना नेम. सासूबाई गेल्यावर आप्पांनी तो आपल्याकडे घेतला होता. मी चंदनासाठी त्यातलं पाणी कधी घेतलं नाही. आप्पांनीही कधी दिलं नाही. तांब्या बाजूला ठेवून त्यांनी वाटीतलं एक द्राक्ष घेतलं, नखानं साल सोडवली आणि रडणाऱ्या तोंडाशी नेलं. ती गप्प झाली.

मी अंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी दोऱ्यानं बांधलेली डबी मी मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि लांब, दाराशी जाऊन उभी राहिले. मॅडमनी नवीन मोजे चढवले, नवीन गाळण्या फोडल्या. त्यांना काम करताना बघून मला वाटत होतं, काळा येऊ दे. लगेच वाटायचं, काळा आला तर हे सगळं माझ्याच हातांनी झालं म्हणायचं. मग घरी कुठल्या तोंडाने जायचं? आणि हिरवा आला तर? त्याचा अर्थ काय, तो विचार तेव्हा डोक्यात आलाच नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आप्पा. ते मला कामावर कधी फोन करत नसत.

“पोरी, चंदना पाणीबी ठेवंना पोटात. डोळं आत गेल्यात. मान टाकालीय.”

“रिक्षा करा! आठल्येंकडे या. मी पोचतेच!”

मॅडमनी मान वर न करता सांगितलं, “जा. इथं तुझं काही नाही.”

दवाखान्यात पोचले तेव्हा आप्पा रिक्षातून उतरत होते. एका हाताने रिक्षाची कांब धरलेली, दुसऱ्या हातात चंदना. मी तिला घेतलं. ओठ कोरडे, टाळूशी जीभ. आठल्येंनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसली नाही. तशीच घडी घालून राहिली.

“सलाईन,” ते परिचारिकेला म्हणाले. मग मला, “बाहेर थांबा.”

“मी धरते तिला.”

“तुम्ही थरथरताय. बाहेर थांबा.”

शीर सापडत नव्हती. दाराच्या काचेतून मला नुसती पाठ दिसत होती, वाकलेली. एकदा बारीक रडणं आलं. पुन्हा नाही. ते थांबल्यावर मी काचेला चिकटले. मग आतून परिचारिकेचा आवाज आला, “लागली, सर,” आणि मी श्वास सोडला.

हातात फोन थरथरला. मॅडम.

“पोरगी कशी आहे?”

“सलाईन लागलंय.”

“ऐक मग. मी स्वतः केलं. डबी मी उघडली, गाळलं मी, रंग मी घातला. एक काळा. दोन काळा. तीन हिरवा.”

“म्हणजे माझ्या हातून—”

“तुझे हात त्यात नव्हतेच. मी दारात उभं केलं होतं तुला.”

“पण त्यांचा अहवाल चांगला आला होता, मॅडम. भिंगाखाली काही नव्हतं.”

“तो जीव रोज बाहेर पडतोच असं नाही. त्या दिवशी पडला नसेल. आपली पद्धत नवी आहे, मी तिच्यावर हात ठेवून शपथ घेणार नाही. पण नमुना खराब नव्हता, पद्मजा. आपण दर खेपेला खरं उत्तर टाकून देत होतो. कुठं आहेत ते आत्ता?”

गाडी दिसली नव्हती. कांड्या दिसत होत्या, रस्ताभर.

मी वळून बघितलं. आप्पा व्हरांड्याच्या बाकावर बसले होते, भिंतीला डोकं टेकून. सदऱ्याचा गळा मानेपासून सुटून लांब उभा होता, दुसऱ्याचा घातल्यासारखा. मनगटावरचं घड्याळ घसरून कोपराजवळ गेलं होतं. ते त्यांनी सवयीने खाली ओढलं. ते पुन्हा वर गेलं. हे ते किती दिवस करत असतील?

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. परिचारिकेच्या टेबलाशेजारी मोठ्या माणसांचा काटा होता.

“आप्पा, जरा इकडे या. यावर उभे राहा.”

“मी? मी काय ऊस हाय?”

“उभे राहा ना.”

“आधी पोरीचं बघ.”

“पोरीचंच बघतेय.”

माझ्या तोंडाकडे बघून ते उठले. चपला काढल्या, काट्याला हात लावून नमस्कार केला. पूर्वी कामावर रोज करत, तसाच. मग वर चढले. सुई हलली, डुलली आणि थांबली.

आप्पा खाली बघत राहिले. उतरले. काटा रिकामा झाल्यावर सुई शून्यावर येते का, ते वाकून पाहिलं. आली. पुन्हा चढले. सुई पुन्हा तिथंच थांबली.

“काटा बरोबर हाय हा,” ते हळू आवाजात म्हणाले. आणि मग उतरता उतरता, “म्हणजे पोरगी जड झाली नव्हती.”

“नाही.”

“माझाच हात...”

“कधीपासून पोट बिघडलंय, आप्पा?”

ते चपला शोधू लागले. समोरच होत्या, पायाला सापडेनात.

“तुझी सासू गेल्यापासनं असंल. आधी वाटलं, एकट्याचं जेवान जाईना म्हणून. मग वाटलं, वय.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सुनेला?” काट्यावरून उतरल्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. “सुनेला काय सांगायचं, मला आज कितीदा जावं लागलं म्हणून? असलं सगळं तिला सांगत होतो. ती होती तवर.” मग चपलेत पाय सारून, “डबी देत होतो की तुला. वाटलं, काय असंल तर त्यात दिसंल.”

“दिसत होतं,” मी म्हणाले.

आतलं दार उघडलं. आठल्ये बाहेर आले, कपाळ पुसत. “उतार पडतोय. लघवी झाली. आता काळजीचं कमी.” मग आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघून, “काय झालं?”

मी सांगितलं. त्यांनी आप्पांची नाडी धरली, खालची पापणी ओढून बघितली आणि बाकावर बसवलं. उद्या परवा तेरवा, असे लागोपाठ नमुने द्या म्हणाले. तिसऱ्या दिवशी भिंगाखाली तो सापडला, दोन डोळ्यांचा, हसरा. पण ते नंतरचं.

तेव्हा आप्पा उठून उभे राहिले. “मी घरी जातो.”

“आत चला की. तिला बघा.”

“नको. मी दिलं व्हय हे तिला? सोलून सोलून?”

“तुम्हाला पाण्यानं दिलं असेल. फडकं जीव वाचवायला होतं, आप्पा, तुम्हाला वाचवायला नव्हतं. इतका बारीक जीव त्यातून जातोच.”

“मी मळ्यातल्या खोलीवर राहतो,” ते म्हणाले. ऐकूनच घेत नव्हते. “बरी होऊ दे ती. माझा हात नको तिला.”

त्यांचे हात त्यांनी पाठीमागे घेतले होते, मी आदल्या दिवशी पायरीपाशी घेतले होते तसेच. मी त्यांचं कोपर धरलं. सासऱ्यांना मी त्याआधी कधी असा हात लावला नव्हता. व्हरांड्याच्या टोकाच्या बेसिनपाशी नेलं, नळ सोडला आणि साबण त्यांच्या हातात दिला.

“नखांतून,” मी म्हणाले.

त्यांनी लहान मुलासारखे हात धुतले. मी शेजारी उभी राहून माझे धुतले. त्या दिवसातलं ते शेवटचं हात धुणं.

आत चंदना टक्क जागी होती. हाताला पट्टी, त्यातून नळी. आप्पा पलंगापासून अंतर ठेवून उभे राहिले. तिने त्यांना बघितलं आणि मोकळा हात वर केला, उचला म्हणून.

“आज नाही, बाळ,” आप्पा म्हणाले. “आज काटा बंद हाय.”

ते स्टुलावर बसले. तिने त्यांचं बोट धरलं. घड्याळ घसरून पुन्हा कोपरापाशी गेलं. या खेपेला त्यांनी ते ओढलं नाही.

दोघांना औषध एकाच दिवशी सुरू झालं. विहिरीचं पाणी अजूनही दुहेरी फडक्यातून गाळलं जातं, राहिलेलं पुन्हा विहिरीत जातं. त्यानंतर आम्ही ते उकळतो. निरोगी तीनच्या जागी मॅडमनी दुसरं कुणी शोधलं, माझं नाव हाताळणाऱ्यांत तसंच राहू दिलं. चंदना आता सायकलवरून शाळेला जाते, तिला उचलायचा प्रश्न उरलेला नाही. आप्पा दळणाचा डबा मात्र अजून तोलतात आणि डबा जड लागला की गुमान जाऊन आधी स्वतः काट्यावर उभे राहतात.

तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला काही होत नाही असं सगळे धरून चालतात. पोराला उचलून ‘जड झालं गं’ म्हणणारं. त्या पोराचं वजन तुम्ही बघता, मला माहीत आहे. मीही बघत होते. आज संध्याकाळी पोराला जरा खाली उतरवा. आणि ज्यांनी उचललं होतं, त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कुठवर जातंय, तेवढं बघा.